पृष्ठांक कोणत्या पुस्तकाचा?

गेल्या महिन्यांत आमची नात निबंध लिहीत असतां मध्येंच अडली. "आजोबा, ज्ञानेश्वरींतील या ओवीचें पान एका पुस्तकांत दिलें आहे; पण आपल्या घरच्या प्रतींत त्या पानावर ती नाहीं," असें ती म्हणाली. तें ऐकून आम्हांस आमचीच एक जुनी चूक आठवली.

शाळेंत असतांना आम्हीं एका विद्यार्थ्यास निबंधासाठीं तुकोबांचा एक अभंग सुचविला व पृष्ठांकही सांगितला. तो अंक आम्हीं स्वतः पाहिलेला नव्हता. दुसऱ्याच्या लेखांतून उचलला होता. मुलानें वाचनालयांत जाऊन तें पान काढलें, तों तेथें भलताच अभंग! गुरुजींस खोटें कसें म्हणावें, या संकोचानें त्यानें आम्हांस विचारलें नाहीं; उतारा मात्र गाळून टाकला. हें आम्हांस पुष्कळ दिवसांनीं कळलें. अभंग खरा होता, अंकही खोटा नव्हता. आवृत्ति निराळी होती.

वाचकहो, पृष्ठांक हा ग्रंथाचा नसतो, आवृत्तीचा असतो. टाईप बदलला किंवा प्रस्तावना वाढली, कीं पानें सरकतात. आतां तर फोनवर वाचतांना अक्षर मोठें केलें, कीं पुष्कळदां पानांची संख्याच बदलते!

म्हणून जुन्या ग्रंथांस त्यांच्या अंगच्याच खुणा द्याव्या. गीतेचा अध्याय व श्लोक सांगावा. दासबोधाचे वीस दशक व प्रत्येकाचे दहा समास, तेव्हां दशक, समास व ओवी सांगावी. तथापि तेवढ्यानेंही भागत नाहीं. राजवाड्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरींतील ओव्यांची संख्या प्रचलित प्रतींशीं जुळत नाहीं. १८६९ व १८७३ सालीं दोन भागांत निघालेल्या तुकारामगाथेचे अभंगांक इतर गाथांहून वेगळे आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति व नीलकंठी प्रत यांचे श्लोकांकही भिन्न आहेत. यास्तव अंकासोबत आवृत्ति सांगितलीच पाहिजे.

गद्य ग्रंथांस अशी सोय नसते. तेथें प्रकाशक, आवृत्ति, वर्ष व पान हीं चारही द्यावीं आणि प्रकरणाचा अंकही जोडावा, म्हणजे ज्याच्याजवळ दुसरी आवृत्ति आहे त्यासही तें स्थळ सांपडेल. प्रस्तावनेचीं पानें पुष्कळदां वेगळीं मोजलेलीं असतात. तीं मुख्य पानांत मिसळूं नयेत.

वचन आठवतें पण स्थळ आठवत नाहीं, अशा वेळीं गाथेच्या शेवटची अकारादि सूची पाहावी. ती बहुधा अभंगाच्या पहिल्या चरणावरून केलेली असते; मधली ओळ आठवत असेल तर आधीं पहिला चरण शोधावा लागतो. उत्तम मार्ग हा, कीं वाचतांवाचतांच वहींत उतारा, ग्रंथ, आवृत्ति व पान टिपून ठेवावें. मूळ ग्रंथ पाहिला नसेल, तर ज्या पुस्तकांतून वचन घेतलें त्याचेंच नांव प्रांजळपणें सांगावें. त्यांत कमीपणा नाहीं; न पाहिलेलें पान पाहिल्यासारखें लिहिण्यांत आहे.

नातीनें दोन संध्याकाळ खपून ती ओवी आमच्या प्रतींत शोधून काढली व अध्याय, ओवी आणि आवृत्ति यांसह निबंधांत घातली. आम्हीं केवळ चष्मा लावून ताडून पाहिलें.

तो विद्यार्थी आज कोठें आहे, आम्हांस ठाऊक नाहीं. हा मजकूर त्याच्या दृष्टीस पडलाच, तर चूक त्याची नव्हती, आमची होती, एवढें त्यास कळावें.