किती अणुबाँब?

ज्वालामुखीवरची कुठलीही डॉक्युमेंटरी लावा. पाचव्या मिनिटाला तो भारदस्त आवाज सांगणारच, 'हिरोशिमाच्या बाँबच्या अमुक पट!' आपण पॉपकॉर्न खाता खाता 'बाप रे' म्हणतो आणि पुढे बघतो. पण हा आकडा काढतात कसा?

अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सचा आकडा आहे १,६००. तारीख १८ मे १९८०, रविवार, सकाळी ८.३२. एकूण ऊर्जा २४ मेगाटन. हिरोशिमाचा बाँब साधारण १५ किलोटनांचा. करा भागाकार. राख-दगड किती बाहेर पडले, किती गरम होते, थंड होताना किती उष्णता गेली, असा हा हिशेब. गंमत म्हणजे त्यातली बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता, तीही नऊएक तासांत निघालेली. बाँबचं काम क्षणात आटोपतं! प्रत्यक्ष धडाक्याच्या वाट्याला आले ७ मेगाटन.

दुसरी पद्धत हवेची. स्फोटाच्या दाबाची लाट बॅरोमीटरवर पकडायची आणि उलट गणित मांडायचं. २०२२च्या जानेवारीत टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याची लाट अख्ख्या पृथ्वीला फेऱ्या मारून आली. तरी 'नासा'च्या शास्त्रज्ञांचा अंदाज काय? ४ ते १८ मेगाटन. असं एस्टिमेट आपण बॉसला देऊन बघावं!

पण हसू नका. आकडे नंतर निघतात. आधी कुणीतरी डोंगरासमोर बसलेलं असतं. सेंट हेलेन्सची उत्तरेकडची बाजू रोज दीड-दोन मीटर फुगत होती. समोरच्या टेकडीवर ड्युटी होती हॅरी ग्लिकनची. त्याला कॅलिफोर्नियात एका प्रोफेसरांना भेटायचं होतं, म्हणून १७ तारखेला डेव्हिड जॉन्स्टननं त्याची शिफ्ट घेतली. वय ३०. आपल्यातलाच म्हणा ना. अंतर सुमारे १० किलोमीटर, म्हणजे तसं सेफ. पण सकाळी ती फुगलेली बाजूच कोसळली आणि स्फोट वर जायच्या ऐवजी आडवा सुटला. त्याच ७ मेगाटनांनी ६०० चौरस किलोमीटर परिसर उद्ध्वस्त केला. जॉन्स्टनचा देह कधीच सापडला नाही.

ग्लिकननं पुढे त्याच कोसळलेल्या दरडीवर पीएच.डी. केली. ३ जून १९९१ला जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर तोही गेला.