जेटचे मैल बुडाले नव्हते



‘विमान कंपनी बुडाली की मैलही बुडाले’ असे, नियमित प्रवाशांना बक्षीस म्हणून मिळणाऱ्या मैलांबद्दल, गेल्या अंकातल्या पत्रलेखकांनी ठासून सांगितले आहे. दाखला दिला तो जेट एअरवेजचा, आणि नेमका तोच त्यांच्यावर उलटतो. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला निघाले. कर्मचाऱ्यांचे पगार थकले, प्रवाशांचे तिकिटांचे पैसे अडकले; पण जेटप्रिव्हिलेज या जेटच्या मैल-योजनेच्या खात्यांतले मैल शाबूत राहिले. ही योजना मुळी वेगळ्या कंपनीकडे होती आणि २०१४ पासून तिचा ५०.१ टक्के हिस्सा एतिहाद या विमान कंपनीकडे. पुढे तिने इंटरमाइल्स असे नाव घेतले आणि त्याच मैलांवर दुसऱ्या कंपन्यांची तिकिटे, हॉटेले देऊ केली.

म्हणून निर्धास्त व्हावे, असेही नाही. जर्मनीच्या एअर बर्लिन या विमान कंपनीची टॉपबोनस ही योजनाही स्वतंत्र कंपनीच चालवत होती. ऑगस्ट २०१७ मध्ये मूळ कंपनीपाठोपाठ तिनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑस्ट्रेलियात २००१ साली अ‍ॅन्सेट ही विमान कंपनी कोसळली, तेव्हा तर सभासदांचे पॉइंट कवडीमोल झाले.

पत्रलेखक मैलांना ‘आपली ठेव’ म्हणतात. बारीक टायपातल्या अटी त्यांनी एकदा वाचाव्यात. योजना हवी तेव्हा बदलण्याचा किंवा गुंडाळण्याचा हक्क बहुतेक कंपन्या स्वतःकडे राखूनच ठेवतात. दिवाळखोरीच्या रांगेत तारण घेतलेल्या बँका पुढे. मैलवाल्याला त्या रांगेत उभे राहू दिले तरी पुष्कळ! वैमानिकांचे पगार थकल्याची बातमी वाचली, की मैल खर्चून मोकळे व्हावे, आणि तेही त्याच कंपनीच्या पुढल्या वर्षीच्या तिकिटावर नको.

– एक वाचक, ठाणे