विश्लेषण : दुरुस्त झालेली गाडीही विमा कंपनी ‘टोटल लॉस’ ठरवू शकते? या निर्णयाला आव्हान कसे द्यायचे?

अपघातात किंवा पुरात सापडलेली गाडी महिनाभर गॅरेजमध्ये राहते, दुरुस्त होते, बिलही तयार होते. आणि नेमका तेव्हाच विमा कंपनीचा निरोप येतो की तुमचा दावा ‘टोटल लॉस’ म्हणून निकाली काढला जात आहे. चालू स्थितीतील गाडी भंगार म्हणून का द्यायची, असा प्रश्न मालकाला पडतो. कर्ज फिटायचे असेल किंवा घर त्याच गाडीवर चालत असेल तर हा वाद काही लाखांचा असतो. कंपनीचा हा निर्णय अंतिम असतो का?

‘टोटल लॉस’ कशाला म्हणतात?

गाडीचा चक्काचूर झाला किंवा ती चोरीला गेली तर वाद नसतो. वाद होतो तो ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’वरून. म्हणजे गाडी दुरुस्त होऊ शकते, पण खर्च परवडणारा नाही. मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च गाडीच्या ‘आयडीव्ही’च्या, म्हणजे पॉलिसीवर छापलेल्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर तो टोटल लॉस धरला जातो. मग कंपनी आयडीव्ही देते आणि सांगाडा ताब्यात घेते. सांगाडा मालकाने ठेवल्यास त्याची किंमत भरपाईतून वजा होते. दुरुस्ती करून द्यायची की रोख रक्कम, याचा पर्याय पॉलिसीच्या अटींनुसार कंपनीकडे असतो. पण टोटल लॉस ठरवण्याची कसोटी मात्र आकड्यांची आहे आणि आकडे तपासता येतात.

७५ टक्क्यांचा हिशेब कुठे चुकतो?

अटीत ‘पॉलिसीच्या शर्तींना अधीन राहून’ होणारा खर्च असे शब्द आहेत. म्हणजे गॅरेजने दिलेला अंदाज जसाच्या तसा धरायचा की घसारा वजा करून, हा कळीचा मुद्दा ठरतो.

समजा, साडेतीन वर्षांच्या मोटारीची आयडीव्ही ४ लाख रुपये आहे. म्हणजे मर्यादा ३ लाखांची. गॅरेजचा अंदाज ३ लाख ३० हजारांचा आहे. त्यात प्लास्टिक आणि रबराचे भाग १ लाख २० हजारांचे, धातूचे १ लाखाचे, काचा ३० हजारांच्या आणि मजुरी ८० हजारांची. ढोबळ अंदाज पाहिला तर खर्च ८२ टक्क्यांवर जातो आणि गाडी टोटल लॉस ठरते. पण प्रचलित तक्त्यानुसार प्लास्टिक-रबरावर ५० टक्के आणि या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा कापला जातो. काचांवर आणि मजुरीवर तो नसतो. मग कंपनीवरचा बोजा २ लाख ४५ हजारांचा, म्हणजे सुमारे ६१ टक्के राहतो. मालकाने याच मुद्द्यावर लेखी खुलासा मागावा. मात्र ‘झिरो डेप्रिसिएशन’ घेतलेल्यांना हा युक्तिवाद उपयोगी पडत नाही. त्यांचा घसारा कापला जात नसल्याने मर्यादा लवकर ओलांडली जाते.

गाडी दुरुस्त झालेली असेल तर?

इथे दोन प्रकार संभवतात. पहिला, कंपनीच्या मंजुरीने काम सुरू झाले, इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडल्यावर जास्त नुकसान दिसले, गॅरेजने पुरवणी अंदाज दिला आणि कंपनीने पवित्रा बदलला. अशा वेळी मंजुरीचा ई-मेल किंवा संदेश हा महत्त्वाचा पुरावा असतो. काम पूर्ण झाले असेल तर अंदाजाला फारसा अर्थ उरत नाही. प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे बिल सांगते. जीएसटीसह पक्की बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, बदललेल्या भागांची छायाचित्रे जपून ठेवावीत आणि दुरुस्तीनंतर सर्वेक्षकाकडून फेरतपासणी मागावी.

दुसरा प्रकार, मालकाने परस्पर दुरुस्ती केली. इथे बाजू कमकुवत होते. खासगी मोटारीच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत कंपनीला न विचारता करता येणाऱ्या दुरुस्तीची मर्यादा अवघी ५०० रुपये होती. त्यामुळे सर्वेक्षण होण्यापूर्वी गाडीला हात लावू नये.

सर्वेक्षकाचा अहवाल अंतिम असतो का?

नाही. न्यू इंडिया ॲश्युरन्सशी संबंधित एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सर्वेक्षकाचा अहवाल हा शेवटचा शब्द नसल्याचे स्पष्ट केले. मूळ बिले आणि पावत्यांच्या आधारे मालकाच्या बाजूने लागलेला निकाल न्यायालयाने कायम ठेवला. मनासारखा अहवाल मिळेपर्यंत कंपनीला एकामागून एक सर्वेक्षक नेमता येणार नाहीत, असेही त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात सांगितले गेले. म्हणून पहिले काम म्हणजे अहवालाची प्रत लेखी मागणे. गरज वाटल्यास दुसऱ्या परवानाधारक सर्वेक्षकाचे मत घेऊन ते पुरावा म्हणून मांडता येते.

सही करण्यापूर्वी काय पाहावे?

कर्जाची गाडी असेल तर भरपाई आधी वित्तसंस्थेकडे जाते. ४ लाख मिळाले आणि कर्ज ४ लाख ३० हजार बाकी असेल तर गाडीही जाते आणि ३० हजारांचे देणेही उरते. आयडीव्हीपेक्षा कमी रक्कम देऊ केली असेल तर कारण विचारावे. ज्या मूल्यावर हप्ता घेतला ते मूल्य कंपनीला नंतर सहजासहजी नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. ‘पूर्ण व अंतिम’ भरपाईच्या पावतीवर दबावाखाली सही घेतली गेल्याचे सिद्ध झाले तर दाद मागण्याचा हक्क संपत नाही, हे १९९९ मध्येच स्पष्ट झाले आहे. पण ते सिद्ध करणे सोपे नसते. त्यामुळे हरकत असेल तर सही करण्यापूर्वीच ती लेखी नोंदवावी. सांगाडा दिल्यास नोंदणी पुस्तिकेवरील नाव बदलले की नाही, याचाही पाठपुरावा करावा. पुढे त्या गाडीचा गैरवापर झाला तर पोलीस आधी जुन्या मालकाच्या दारात येतात.

दाद कुठे मागायची?

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. राज्यात मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत. तिथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षभरात तक्रार करावी लागते. ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचे अधिकार लोकपालांना आहेत आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तिथे मुदत दोन वर्षांची असून, मालक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते.

टोटल लॉस कधी मान्य करावा?

चॅसी वाकली असेल, एअरबॅग उघडल्या असतील किंवा पुराचे पाणी डॅशबोर्डपर्यंत गेले असेल तर गाडी दुरुस्त दिसली तरी धोका राहतो. पाणी शिरलेल्या वायरिंगमध्ये आणि इलेक्ट्रॉनिक भागांमध्ये गंज हळूहळू चढतो. बिघाड काही महिन्यांनी समोर येतो. अशा गाडीसाठी भांडण्यापेक्षा पूर्ण आयडीव्ही पदरात पाडून घेणे शहाणपणाचे ठरते. पण नुकसान बाहेरच्या पत्र्यापुरते असेल, प्रत्यक्ष बिल मर्यादेच्या आत असेल आणि कागद हाताशी असतील, तर ‘टोटल लॉस’चा शिक्का निमूटपणे मान्य करण्याचे कारण नाही.