23 नंबरवर आता नाशिक आहे

समजा, तुम्ही बेंबळीचे आहात. सकाळच्या एसटीने धाराशिवला कॉलेजला निघालात आणि आज शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे. मोबाइलवर फॉर्म उघडलाय. नाव झालं, आधार झालं, बँक खातं झालं. मग येतो 'जिल्हा'. यादी खाली सरकवत तुम्ही सवयीने इंग्रजी 'ओ'पाशी जाता, तर तिथे काहीच नाही. महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांत 'ओ'ने सुरू होणारा एकच जिल्हा होता, तो आता 'डी'मध्ये गेलाय. बरं, वर जाऊन धाराशिव निवडलं. सबमिट केलं. लाल अक्षरात उत्तर: 'दाखल्यावरील जिल्हा जुळत नाही.' कारण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लिहिलंय, ता. जि. उस्मानाबाद.

यात तुमचं काय चुकलं? काहीच नाही. शाळेचंही नाही. दाखला काढला तेव्हा तेच नाव होतं.

आता टेबलाच्या पलीकडे बसा. तो फॉर्म कुणीतरी लिहिलाय. बहुतेक तुमच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या मुलाने किंवा मुलीने. सकाळी त्यांना एका ओळीचं काम आलं असणार: 'उस्मानाबादच्या जागी धाराशिव करा.' जेवणाच्या सुट्टीआधी होईल असं काम. वेब डेव्हलपरचा दिवस अशाच कामांत जातो. ड्रॉपडाऊनची यादी बदल, तारीख नीट दाखव, नावाच्या रकान्याला मर्यादा घाल. कॉलेजमधला प्रोजेक्ट कितीही भारी असो, पहिल्या नोकरीत हातात पडतं ते हेच. आणि ही कामं छोटी दिसतात म्हणून जितकी फसवी असतात, तितकी मोठी कामं नसतात.

आधी बातमी नीट बघू, कारण अर्धा घोळ बातमीतच आहे. नाव एका दिवसात बदललं नाही. 29 जून 2022 ला उद्धव ठाकरे सरकारच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत निर्णय झाला. जुलैमध्ये शिंदे सरकारने तो नव्याने घेतला. 24 फेब्रुवारी 2023 ला केंद्राने मंजुरी दिली, पण ती शहराच्या नावाला. जिल्हा आणि तालुक्याची अधिसूचना आली सप्टेंबर 2023 मध्ये. म्हणजे मधले काही महिने शहर धाराशिव आणि जिल्हा उस्मानाबाद. विरोधातल्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये फेटाळल्या. त्याच महिन्यात लोकसभेचं मतदान झालं, ते मात्र 'उस्मानाबाद' मतदारसंघात. मतदारसंघांची नावं वेगळ्या कायद्याने ठरतात, महसूल खात्याच्या अधिसूचनेने नाही.

आता सांगा, सगळ्या डेटाबेसवर 'शोधा आणि बदला' चालवलं तर काय होईल? मतदारसंघाचं नाव चुकेल. कुठल्या संस्थेच्या नोंदणीकृत नावात उस्मानाबाद असेल तर तेही बदलेल. 2019 चा दाखला पुन्हा छापला तर त्यावर तेव्हा नसलेलं नाव येईल. आणि आजोबांचा जन्म 1975 चा, औशाचा असेल तर गंमतच. लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. आजोबांच्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद आहे आणि ते बरोबर आहे. त्यांना आज धाराशिव करून टाकलं, तर जिल्हा चुकतो. नाव बदलणं वेगळं आणि जिल्हा फुटणं वेगळं. कोडला हे कुणीतरी सांगावं लागतं.

दुसरा प्रकार जास्त डेंजर, कारण तो लाल अक्षरात ओरडत नाही. बऱ्याच नवशिक्या फॉर्ममध्ये जिल्हा साठवतात तो यादीतल्या क्रमांकाने. इंग्रजी वर्णक्रमाने जुनी यादी लावा: 9 वा धुळे, 10 वा गडचिरोली, असं करत 22 वा नाशिक, 23 वा उस्मानाबाद. आता नवी नावं घालून यादी पुन्हा लावा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, ते चंद्रपूरच्या खाली 8 व्या जागी गेलं. धाराशिव धुळ्याच्या आधी येतं, म्हणजे 9 व्या जागी. धुळे 10, गडचिरोली 11 आणि नाशिक 23. पण डेटाबेसमध्ये आकडे जुनेच आहेत! तिथे 9 लिहिलेला धुळ्याचा मुलगा आता धाराशिवचा दिसतो, आणि 23 लिहिलेली बेंबळीची मुलगी नाशिकची. पालघरपासून पुढचे सगळे जागच्या जागी. त्यामुळे तपासणाऱ्याने पुणे, सातारा, सोलापूर बघितलं की त्याला वाटतं, सगळं ठीक आहे. कागद पेनाने लिहून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

उपाय? नाव हे दाखवायला असतं, ओळखायला नाही. ओळखायला न बदलणारा कोड ठेवायचा. आरटीओने हे फार आधी केलंय: जिल्ह्याचं नाव बदललं तरी गाड्यांवर एमएच-25 तसंच आहे. पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी जिल्ह्यापासून गावापर्यंत प्रत्येकाला क्रमांक देते. वेगळं टेबल करा: कोड, नाव, कधीपासून, कधीपर्यंत. दाखला कोणत्या तारखेचा आहे ते विचारा आणि त्या तारखेला कोणतं नाव होतं ते टेबलकडून घ्या. मग तो दाखला आणि आजचा धाराशिव आपोआप जुळतात, कारण दोघांचा कोड एकच.

लांबीचा प्रश्न यातच येतो. इंग्रजी औरंगाबाद 10 अक्षरांचं. एखाद्याने ऐसपैस म्हणून 20 ची जागा ठेवली. छत्रपती संभाजीनगर इंग्रजीत मधल्या स्पेससकट 25 होतं. काही जुने डेटाबेस जास्तीचं गुपचूप कापतात. विसाव्या अक्षरावर कापलं की उरतं 'छत्रपती संभाजी'. शहराच्या जागी राजे!

आता मराठीत टाइप करू, कारण खरी मजा तिथे आहे. 'बेंबळी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा. जावास्क्रिप्टला लांबी विचारा, ती म्हणेल 6. ब, मात्रा, अनुस्वार, ब, ळ, वेलांटी. युनिकोडमध्ये मात्रा-वेलांटी-अनुस्वार यांचा वर्गच अक्षरांपासून वेगळा आहे. म्हणून कुणी 'नावात फक्त अक्षरं चालतील' असा नियम लिहिला, आणि मार्क या वर्गाला परवानगी द्यायला विसरला, तर 'बेंबळी' बाद. 'समर' चालेल, 'समीर' चालणार नाही. इंग्रजी नावं टाकून टेस्ट केलेल्या फॉर्ममध्ये हे कधीच सापडत नाही. तुमच्या नावात वेलांटी आहे का? मग तुम्हीच उत्तम टेस्टर.

आडनाव गोऱ्हे असेल तर आणखी एक पायरी. तो 'ऱ' एका चिन्हानेही साठवता येतो, किंवा साधा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. स्क्रीनवर दोन्ही सारखे, तुलना केली की वेगळे. त्यासाठी 'नॉर्मलाइज' नावाचं तयार फंक्शन आहे, तुलना करण्याआधी ते दोन्ही बाजूंना लावायचं. पण काही कीबोर्ड तिसऱ्याच मार्गाने जातात: र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. ते नॉर्मलाइजलाही आवरत नाही, त्याचा नियम हाताने लिहावा लागतो. शिवाय शेवटी चुकून पडलेली स्पेस आहेच. 'धाराशिव' आणि 'धाराशीव' आहे. इंग्रजीत बेंबळी लिहिताना कुणी मध्ये 'ए' घालतं, कुणी घालत नाही. आणि एकदा इंग्रजीत गेलं की 'ळ'चा 'एल' होतो. मशीनने परत मराठीत आणलं की हातात 'बेंबली'. ती बेंबळी आहे हे मशीनला कसं कळणार? आपल्या भागात राहणाऱ्याला कळतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं एआय करून देईल की. देईलच. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आलं आणि तेव्हापासून ड्रॉपडाऊन लिहायला कुणी माणूस लागत नाही, हे मान्य करून टाकू. ज्युनियरला शिकण्यासाठी जी किरकोळ कामं मिळायची, तीच आधी टूलकडे गेली, आणि हा तुमच्या बॅचला बसलेला खरा फटका आहे. पण एकदा करून बघा. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची यादी मागा. मग मोजा, 36 आहेत का? 1 ऑगस्ट 2014 ला झालेला पालघर आहे? नावं जुनी की नवी? अहिल्यानगर आहे की अहमदनगर? साठवताना नाव वापरलंय, क्रमांक की कोड? टूलने कोड छान दिला असेल, चालेलही. औशाच्या आजोबांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तर ते स्वतःहून विचारेलच असं नाही. माझ्या मते मुलाखतीत सांगण्यासारखी गोष्ट ही आहे. 'मी ड्रॉपडाऊन बनवला' यापेक्षा 'नाव बदलल्यावर ड्रॉपडाऊन कुठे कुठे फुटतो ते मी शोधलं' हे ऐकायला समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकेल.

रेल्वेने हे काम कसं केलं तेही बघण्यासारखं आहे. 2025 मध्ये स्टेशनचं नाव धाराशिव झालं, आणि त्यांचा कोडच नावावरून बनलेला असल्याने 'यूएमडी'चा 'डीआरएसव्ही' करावा लागला. मुंबईची आरक्षण यंत्रणा त्यासाठी 31 मेच्या रात्री 11:45 पासून 1:30 पर्यंत बंद ठेवली होती. एका स्टेशनचं नाव, पावणेदोन तास, आणि तेही मध्यरात्री. एका ओळीच्या कामासाठी इतकी तयारी का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

कोड तरी कायमचा असतो का? तोही नाही. जनगणनेत आपला जिल्हा 2001 मध्ये 29 होता, 2011 मध्ये 525 झाला. पुढची जनगणना 2027 ची आहे. तेव्हा त्या टेबलात कोडच्या शेजारी तो कुणाचा आणि कोणत्या वर्षाचा, हा रकाना आत्ताच ठेवा.