जुन्या सागवानाला हक्काची किंमत

बंगळुरूतल्या बनशंकरीसारख्या वस्तीत भाडेकरू घर बदलताना टेबल-कपाटं कवडीमोलाने काढून टाकतात. एखादं जोडपं ती घरीच दुरुस्त करून विकत असेल, तर त्याला भंगारवाला समजू नये. भुशाच्या दाबीव फळीला पाणी लागलं की ती फुगते, पुन्हा पूर्ववत होत नाही. सागवानी खुर्चीचे सैल सांधे मात्र सरसाने घट्ट बसतात, आणि घासून पॉलिश केली की ती पुन्हा वर्षानुवर्षं चालते. या टिकाऊपणाला राबणाऱ्या हातांची जोड मिळते. किंमत या दोन्हींचीच आहे.

ढेकूण-वाळवीची भीती, धूळ आणि थिनरचा वास या शेजाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. पण लाकूड तपासणं, दोष आधी सांगणं आणि घासकामाच्या वेळा पाळणं हे त्यांवरचे उपाय आहेत, गृहनिर्माण संस्थेची बंदी नव्हे. किरकोळ दुरुस्ती करून विकलेल्या जुन्या वस्तूंवर ठरावीक अटींवर खरेदी-विक्रीतल्या फरकापुरताच जीएसटी लावण्याची सोय २०१७ च्या नियमांत आहे. कायद्याने दिलेला हा मान गृहनिर्माण संस्थांनीही द्यायला हवा.