रडणे ऐकवणारे यंत्र आणि न रडणारे बाळ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाजारपेठेत किराणा दुकान असलेले एक ओळखीचे कुटुंब 22 दिवसांच्या नातवाला घेऊन भर दुपारी दवाखान्यात आले. त्यांचे खाली दुकान, वर घर. बाळंतीण सून माडीवर, बाकीची माणसे दिवसभर खाली. सुनेच्या भावाने पुण्याहून ‘बेबी मॉनिटर’ आणून दिला होता. एक डबी बाळाजवळ, दुसरी दुकानात गल्ल्यावर. बाळ रडले की गल्ल्यावरच्या डबीतून आवाज यायचा आणि कोणीतरी जिना चढून वर जायचे. त्या दिवशी सकाळपासून डबी गप्प होती. आजीबाई कौतुकाने म्हणाल्या, “आज कसा शहाण्यासारखा झोपलाय!” रात्रीच्या जागरणाने सुनेचाही डोळा लागला होता. दुपारी तिने बाळाला अंगावर घेतले तर ते तोंडच उघडेना.

मी पाहिले तेव्हा बाळाचे हातपाय गार होते आणि श्वास मिनिटाला 60 च्या वर चालला होता. त्याला ताबडतोब जिल्ह्याच्या नवजात शिशू कक्षात पाठवले. रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. देवदयेने आणि तिथल्या परिचारिकांच्या मेहनतीने बाळ दोन आठवड्यांनी घरी आले. पुढे आजोबा भेटले तेव्हा त्यांनी विचारले, “डॉक्टर, ते मशीन बिघडलं होतं का? दुसरं, भारीतलं घ्यायचं का?”

मशीन बिघडलेले नव्हते. बाळ रडलेच नव्हते, तर मशीन काय ऐकवणार?

हल्ली अनेक घरांतून मला विचारणा होते की स्वस्त, टिकाऊ आणि वायफाय नसताना चालेल असा बेबी मॉनिटर कोणता घ्यावा. प्रश्न रास्त आहे. या वस्तूला माझा विरोध नाही. मात्र तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे ठरवूनच पैसे खर्च करावेत.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत 1932 साली लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाचे तान्हे मूल घरातून पळवून नेले गेले. त्या प्रकरणाने धनिक आईबाप हादरले. पुढे 1937 मध्ये झेनिथ या रेडिओ कंपनीने ‘रेडिओ नर्स’ नावाचे यंत्र काढले. त्याचा आकार इसामू नोगुची या शिल्पकाराने घडवला होता. बाळाच्या खोलीतला आवाज घरातल्याच विजेच्या तारांतून दुसऱ्या खोलीत पोचवायचा, अशी त्याची रचना होती. यंत्र हुशारीचे, पण माझ्या मते नावात गफलत होती. नर्स बाळाला पाहते, हात लावते, दूध प्यायले का याची चौकशी करते. हा नुसता कान आहे.

आता हा कान कोणाला लागतो ते पाहू. आपल्याकडे बहुतेक घरांत बाळ आईच्या कुशीजवळ किंवा तिच्या खाटेशेजारच्या पाळण्यात झोपते, आणि आजी हाकेच्या अंतरावर असते. अशा घराला मॉनिटरची गरज नाही. ज्यांचे खाली दुकान किंवा कारखाना आणि वर घर आहे, ज्यांच्या जुन्या वाड्यात स्वयंपाकघर पार मागे आहे, जिथे आईला गोठ्यात किंवा परसात काम करावे लागते, तिथे त्याचा खरा उपयोग होतो. सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना कमी ऐकू येत असेल, तर आवाजाबरोबर दिवे लागणारा मॉनिटर घ्यावा. बाळ जितके मोठ्याने रडेल तितके जास्त दिवे पेटतात, आणि ते नजरेला पडतात.

वायफायवर चालणारा कॅमेरा घ्यावा की नाही? माझे मत, आपल्यासारख्या गावात घेऊ नये. त्याला वीज लागते, राउटर लागतो, इंटरनेट लागते आणि चार्ज केलेला मोबाइलही लागतो. चारपैकी एक गेले की साखळी तुटते. शिवाय पासवर्ड कच्चा असेल, तर परका माणूस दुरून तुमच्या खोलीत डोकावू शकतो. वायफायविना चालणाऱ्या मॉनिटरच्या दोन डब्या रेडिओलहरींनी थेट एकमेकींशी बोलतात. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: “हे चालवायला मोबाइलमध्ये अ‍ॅप घ्यावे लागते का?” उत्तर ‘हो’ असेल तर ती वस्तू खाली ठेवावी.

चित्र दिसणारे मॉनिटर वायफायविनाही मिळतात, पण ते महाग पडतात आणि त्यांची बॅटरी लवकर उतरते. हाक ऐकण्यासाठी नुसत्या आवाजाचा पुरे. त्यातही जुन्या पद्धतीचा अ‍ॅनालॉग सर्वांत स्वस्त असला, तरी त्यात खरखर फार, आणि तुमच्या घरातले बोलणे शेजारच्या मॉनिटरवर ऐकू जाण्याचीही शक्यता. त्यापेक्षा डबीवर ‘डेक्ट’ किंवा ‘डिजिटल’ लिहिलेला घ्यावा. डेक्ट म्हणजे घरातल्या बिनतारी टेलिफोनचे तंत्र. त्यात आवाज स्वच्छ येतो आणि बाहेरच्याला तो सहजासहजी पकडता येत नाही.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे, दोन डब्यांचा संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली तर डबी स्वतःहून टिकटिक वाजून सांगते का? ही सोय नसेल, तर बाळ झोपले म्हणून डबी गप्प आहे की बंद पडली म्हणून, हे कळणार नाही. दुसरी, वीज गेल्यावर दोन्ही डब्या बॅटरीवर चालतात का? कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे सेल त्यात बसत असतील तर उत्तम. तिसरी म्हणजे पल्ला. खोक्यावर 300 मीटर लिहिलेले असते, ते मोकळ्या मैदानातले. दगडी भिंत आणि सिमेंटचा स्लॅब मध्ये आला की पल्ला बराच घटतो. म्हणून परत घेण्याच्या बोलीवर वस्तू आणावी, एका डबीजवळ रेडिओ लावून ठेवावा आणि दुसरी हातात घेऊन घरभर, दुकानभर, परसात फिरून पाहावे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी भेट म्हणून पाठवलेल्या मॉनिटरबाबत सावध राहावे. तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. अडॅप्टरवर ‘100-240’ असे छापलेले नसेल तर तो आपल्या प्लगात जळेल. दुसरे म्हणजे तिथल्या डेक्टच्या लहरी 1920 ते 1930 मेगाहर्ट्झच्या आहेत, आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइल सेवेचा आहे. तेव्हा भेट प्रेमाने घ्यावी, पण वापरू नये.

डबी बाळापासून किमान तीन फूट दूर ठेवावी आणि तिची वायर पाळण्याच्या कठड्यावरून, झोळीच्या दोरीवरून कधीही नेऊ नये. मॉनिटरची वायर गळ्याभोवती गुंडाळली जाऊन दोन बाळे दगावल्यानंतर 2011 साली अमेरिकेत सुमारे 17 लाख मॉनिटरबाबत कंपनीला जाहीर इशारा द्यावा लागला होता. सहा-सात महिन्यांचे मूल हाताला येईल ते ओढते, हे ध्यानात असावे.

बाळाच्या पायात घालायचे, नाडी आणि प्राणवायू मोजणारे मोजेही मिळतात. झोपेत अचानक होणारा मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून घरगुती मॉनिटर वापरू नयेत, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शनातही स्पष्ट सांगितले आहे. कमी दिवसांच्या एखाद्या बाळाला तज्ज्ञांनी यंत्र लावून घरी पाठवले असेल तर गोष्ट वेगळी. इतरांनी बाळाला उताणे निजवावे, गादी घट्ट असावी, तोंडाजवळ उशी-दुलई नसावी, खोलीत कोणी विडी-सिगारेट ओढू नये. याला पैसा लागत नाही.

मॉनिटर परवडत नसेल, तर आईच्या उशाशी बिनतारी घंटीचे बटण ठेवावे आणि घंटी खाली लावावी. बाळंतिणीला चक्कर आली, रक्तस्राव वाढला, तरी ती बटण दाबू शकते. बाळाच्या नादात आपण तिला विसरतो. दोन साध्या मोबाइलवर फोन चालू ठेवणे हाही एक मार्ग आहे, पण तो नकळत तुटतो. त्याच्यावर विसंबू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भुकेले, ओले झालेले बाळ रडते, म्हणजे ते आपले काम चोख करते. फार आजारी पडलेले तान्हे बाळ मात्र अनेकदा रडणे सोडून देते. महिन्याच्या आतल्या बाळाला दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी पाजावे आणि ते झोपून राहिले तरी उठवावे. दूध ओढत नाही, अंग सैल पडले, हातापायांची हालचाल मंदावली, झटके आले, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, काखेतला ताप 99.5 अंश फॅरनहाइट किंवा वर गेला, अथवा अंग 96 च्याही खाली गार पडले, तर तास मोजत बसू नये. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. पुन्हा मोजूनही 60 किंवा जास्त आले तर 108 किंवा 102 ला फोन करून रुग्णालय गाठावे. काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर दीड-दोनशे रुपयांत मिळतो. मॉनिटरआधी तो घ्यावा.

हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांतल्या आरोग्यदूत स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला आणि त्यावर उपचार करायला शिकवले. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच धर्तीवर 2011 पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्यांची भेट ठरलेली असते. त्यांना दारातून परत पाठवू नका. बाळाला उघडे करून दाखवा, वजन करू द्या.

त्या दुकानदार आजोबांना मी नवे मशीन घेऊ दिले नाही. जुनेच गल्ल्यावर आहे. फरक एवढाच झाला की त्यांनी भिंतीला एक पाटी टांगली. दर तीन तासांनी घरातले कोणीतरी वर जाते, बाळाला पाहते, सुनेला पाणी हवे का विचारते आणि पाटीवर खडूने खूण करते. डबी वाजली तर लगेच जायचे, आणि वाजली नाही तरी जायचेच. मॉनिटर घेणाऱ्या प्रत्येक घराने एवढा नियम पाळला, तर खुशाल घ्यावा.