बाटली रुग्णासोबत पाठवा



फवारणी कशी करावी हे आपण दर हंगामात ऐकता. आज मात्र फवारताना घरातल्या कुणाला विष बाधले आणि १०८ ची गाडी बोलावली, तर त्या गाडीतल्या माणसांना आपल्याकडून काय हवे असते ते सांगतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरला नसाल.

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीवरची माणसे रात्रंदिवस पाळीवर असतात. त्यांना शिकायला शहरात पाठवावे तर गाडी उभी राहते. म्हणून मोबाइलवरून शिक्षण देण्याचा मार्ग सोयीचा ठरतो. कोरोनाच्या दिवसांत, एप्रिल २०२० मध्ये, केंद्र सरकारने डॉक्टर, परिचारिका वगैरेंसाठी ‘दीक्षा’वर असे पाठ ठेवलेही होते. छाती दाबून हृदय चालू करणे मिनिटाला १०० ते १२० वेळा करायचे, हे पडद्यावर कळते; पण हाताला वळण पुतळ्यावर सराव केल्यानेच लागते. विहिरीत उतरल्यावाचून पोहणे येत नाही, तसेच ते आहे. कोणत्या विषाला काय करावे, हे मात्र पडद्यावर उत्तम शिकता येते.

पण विष कोणते, हे त्यांना कोण सांगणार? क्लोरपायरीफॉस किंवा क्विनॉलफॉस बाधले तर लाळ गळते, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छातीत घरघर लागते. तिथे घसा साफ करणे, प्राणवायू आणि अॅट्रोपिन यांनी जीव वाचतो. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेले असेल तर गोष्ट उलटी. त्याला खात्रीचा उतारा नाही, आणि गरज नसताना दिलेला प्राणवायू फुप्फुसाची हानी वाढवतो. म्हणजे एका बाटलीला जे तारक, ते दुसरीला मारक.

म्हणून औषधाची मूळ बाटली, लेबल आणि आतला कागद रुग्णासोबत द्या. शेजाऱ्याकडून थोडे औषध सरबताच्या नाहीतर दारूच्या रिकाम्या बाटलीत आणायची आपली खोड फार वाईट. तीत लेबल हरवते, आणि पोरेही फसतात. किती वाजता, किती वेळ फवारले, दोन औषधे मिसळली होती का, हेही खरे सांगा. कुणी मुद्दाम प्यायले असेल तर लाजेपोटी लपवू नका.

गाडी येईपर्यंत भिजलेले कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी घालावी. बेशुद्ध माणसाला डाव्या कुशीवर वळवा. मिठाचे पाणी, ताक, तूप काहीही पाजू नका. फोन करताना गावाबरोबर फाट्याचेही नाव सांगा, आणि अंधार असेल तर एकाला बॅटरी देऊन फाट्यावर उभे करा.